गावानं तपासलेला निबंध

आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, पण अड्याळच्या बाजारात भाजी घेताना माझी ओळख करून दिली जायची ती अशी: "ह्या अर्जवाल्या बाई." कविता, धडे, व्याकरण सगळं लोक विसरले. लक्षात राहिलं ते इतकंच, की पोराला दूर कुठं मोठ्या ठिकाणी शिकायला पाठवायचं असेल आणि तिथल्या लोकांनी निबंध मागितला असेल, तर बाईंकडे जायचं.

नव्या पिढीला हे काम काय होतं ते सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडच्या पोरांचं कॉलेज म्हणजे भंडारा, फार तर नागपूर. तिथं गुणपत्रिका दाखवली, फी भरली, की झालं काम. तुम्ही कोण, कुठले, तुमच्या डोक्यात काय चाललं आहे, याच्याशी कोणाला देणंघेणं नसे. पण देशात काही मोजकी विद्यापीठं अशी होती, की जिथं जागा थोड्या आणि मागणारे फार. ती नुसत्या गुणांवर भागवत नसत. अर्जाबरोबर एक निबंध मागत आणि तो वाचून मुलाखतीला बोलवायचं की नाही ते ठरवत. त्यांच्या जाहिराती इंग्रजी वर्तमानपत्रात येत. आमच्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते वर्तमानपत्र एसटीनं एक दिवस शिळं होऊन पोचे. मुख्याध्यापकांचं वाचून झालं की मी ते घरी नेई, जाहिरात कापून ठेवी, पोस्टल ऑर्डर पाठवून अर्ज मागवी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या वेळी मला असं कोणी सांगणारं नव्हतं, म्हणून करत होते, एवढंच.

माझं काम निबंध लिहून देण्याचं नव्हतं. काम तीन पदरी होतं. विचारलंय काय ते पोराला समजावून द्यायचं, विषय शोधायला लावायचा आणि शेवटी इंग्रजीची डागडुजी करायची. पहिलं आणि तिसरं सोपं. खरी कसोटी मधल्या कामात होती. आमची पोरं गाइडमधून निबंध पाठ करून वाढलेली. पावसाळ्यातला एक दिवस, माझा आवडता नेता, विज्ञान शाप की वरदान. वर्गात मीही तेच घोटून घेत असे, कारण परीक्षेत तेच येई. त्यामुळे निबंध म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली गोष्ट, ही पोरांची पक्की समजूत. त्यांना 'तुला काय लिहायचं आहे?' असं विचारलं की ती माझ्याकडे अशी बघत, जणू मीच उत्तर लपवून ठेवलं आहे.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. माझं माहेर मोहाडीचं. तिथल्या ओळखीचे एक गृहस्थ एकदा चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन अड्याळला आले. पिशवी ओसरीवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, पोराचा निबंध लिवून द्या. असा लिवा का वाचताबरोबर बोलावला पायजे."

मी म्हटलं, "मी लिहिला तर ते मला बोलावतील हो, त्याला कशाला?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. "मंग तुमी जा न जी," ते म्हणाले. "तिथं गेल्यावर पोराले बोलावून घ्या."

तांदूळ मी परत पाठवला, पोराला ठेवून घेतलं. पोरगा हुशार होता, पण निबंध मोठा दिसावा म्हणून त्यानं मला न दाखवता एक वाक्य घुसडलं, की मला गिर्यारोहणाचा छंद आहे. मुलाखतीत विचारलं, दोर कोणता वापरता? तो म्हणाला, गाईचं दावं. त्याला प्रवेश मिळाला नाही. आता मोहाडीत त्याचं खताचं दुकान आहे आणि ही गोष्ट मला नव्हे, त्यालाच सांगायला जास्त आवडते.

खंत वाटते ती वेगळ्याच पोरांची. एक मुलगा होता. त्याची माय शिजत्या भाताच्या वासावरून ते धान कोणत्या बांधीतलं ते सांगे. बांधी म्हणजे आमच्याकडच्या धानशेतीचा बांध घातलेला तुकडा. हे त्यानं मला त्याच्या बोलीत सांगितलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकत राहिले. तेच इंग्रजीत लिहून आणलं तेव्हा कागदावर उरलं होतं, 'माझी आई फार प्रेमळ बाई आहे.' बाकी सगळं वाटेतच सांडलं. मी त्याला पुन्हा पुन्हा लिहायला लावलं, पण ती भाषा त्याच्या हाताला आली नाही. अशी किती पोरं मराठीत बोलकी होती आणि अर्जात मुकी झाली.

सिंधूची गोष्ट मात्र वेगळी घडली.

सिंधू दिघोरीकडच्या एका लहान गावातली. घरी धानाची शेती, बाप सोमाजी. गावात दहावीपुढं शाळा नव्हती म्हणून ती अड्याळला मामाकडे राहून शिकत होती. वर्गात ती फारसं बोलत नसे. पण एखाद्या धड्यात काही न पटणारं आलं, की तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभी राही आणि "बाई, असं कसं होईन?" म्हणून विचारी. ऐंशी सालाच्या आसपास दिल्लीतल्या एका विद्यापीठाची जाहिरात आली. ग्रामीण अर्थव्यवस्थेचा पदवी अभ्यासक्रम, राहण्याजेवण्याची सोय, निवडलेल्यांना शिष्यवृत्ती. ती जाहिरात वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सिंधूच आली.

अर्ज आला. निबंधाला तीन विषय दिले होते. एक, देश घडवणारा नेता. दुसरा, शेतीत विज्ञानाचं स्थान. तिसरा, तुमच्या भोवती घडलेला, तुम्ही स्वतः पाहिलेला एखादा निर्णय आणि तो न्याय्य होता की अन्याय्य याबद्दल तुमचं मत. पहिल्या दोन विषयांवर निम्मा देश लिहिणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी तिसरा घेतो, बाई," सिंधू म्हणाली. आमच्याकडच्या मुली बोलताना 'घेतो, जातो' म्हणतात, ते मी कधी सुधारलं नाही.

मला बरं वाटलं. तिच्या गावाला जुना मोठा तलाव आहे हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "तुमच्या पूर्वजांनी तलाव खोदायचं ठरवलं, त्याच्यावर लिही. गाव कसं एकत्र आलं, पाळ कशी घातली. सुंदर होईल."

"ते तं तलाव पाहून कोनीबी लिवन," ती म्हणाली. "मले दुसरं लिवाचं हाय."

आणि तिनं सांगितलं.

तलावाचं पाणी बांध्यांमध्ये सोडायला पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटात एक तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्यावर पुढं लोखंडी दार बसलं आणि दाराला कुलूप आलं. त्याची चाबी गावानं सोमाजीकडे दिली होती. माणूस सरळ, कोणाशी तंटा नाही, म्हणून. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. कोणाच्या बांधीत कधी पाणी जाणार हे गावात सगळ्यांना ठाऊक. सिंधू लहान असताना एका वर्षी पाऊस दसऱ्याआधीच निघून गेला. धान निसवायला आलं होतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडायची वेळ. त्या वेळी पाणी मिळालं नाही तर दाणा भरत नाही, नुसती फोलं हाती येतात. तलावात पाणी थोडं उरलं होतं आणि पाळी होती शेजारच्या बकारामची. सोमाजींनी भल्या पहाटे दार उघडलं आणि पाणी आपल्या बांधीत घेतलं. बकारामच्या वाट्याला आलं तेव्हा तुडुमातून गाळ येत होता. सोमाजींनी पंचायतीत सांगितलं, नहर फुटली होती. नहर म्हणजे पाण्याचा पाट. फुटली नव्हती. सिंधू त्या पहाटे बापासोबत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होती.

"त्या वर्षी आमच्या घरी धान आलं," ती म्हणाली. "मी पोटभर जेवलो. बकाराम काकाच्या घरी नाई आलं. ते बराबर होतं का नाई, हे मले अजून ठरवता नाई आलं. म्हून लिवतो."

मी शिक्षिका होते आणि मला भीती वाटली. निबंध चांगला होईल याबद्दल शंका नव्हती. पण मुलगी बापाचं असं काही परक्यांपुढं मांडणार, त्यावर स्वतःचा प्रवेश मिळवणार, आणि उद्या हे गावात कळलं तर तिला माहेर राहील का? मी तिला पुष्कळ समजावलं. विषय बदल म्हटलं, नाव-गाव बदल म्हटलं. ती ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी तोच निबंध थोडा नीट करून आणी. शेवटी मी एक अट घातली. "बाबांना आधी वाचून दाखव. ते हो म्हणाले तर पाठवू. मी येते सोबत."

तिनं मान हलवली. ही अट तिला अपेक्षित होती असं मला वाटलं. कदाचित ती माझ्या तोंडून यायची वाट पाहत होती.

एका रविवारी आम्ही एसटीनं गेलो. फाट्यावर उतरून तलावाच्या पाळीवरून गावात जायचं. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये लाखोरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या एका डाळीच्या पिकाला निळी फुलं आली होती. घरी पोचलो तर सोमाजी अंगणात दोर वळत बसले होते. उंच, हडकुळा माणूस. मला पाहून त्यांनी दोर बाजूला ठेवला, खाट झटकली आणि बायकोला हाक मारली. सिंधूच्या मायनं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. मास्तरीणबाई घरी आली म्हणजे पोरगी नापास झाली असणार, असं त्या दोघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी घाईनं म्हटलं, "सिंधूचं उत्तम चाललं आहे. तिनं दिल्लीच्या अर्जासाठी निबंध लिहिला आहे. तो तुम्ही ऐकावा म्हणून आलो."

"मले इंग्रजी काय समजते, बाई," सोमाजी म्हणाले.

"मराठीत सांगतो, बाबा," सिंधू म्हणाली.

ती उभी राहून वाचू लागली. इंग्रजी कागदावर पाहत होती आणि आपल्या बोलीत सांगत होती. तलाव, चाबी, त्या वर्षीचा पाऊस. सोमाजी आधी कौतुकानं ऐकत होते. बकारामच्या पाळीपर्यंत ती आली तेव्हा त्यांनी पोरीकडून नजर काढली आणि समोरच्या दोरावर ठेवली. माय चुलीपाशी होती. तिचा हात थांबला, कढईतला वडा जळायला लागला तरी तिनं तो काढला नाही. सिंधू एकदाच अडखळली, नहर फुटली हे वाक्य आलं तेव्हा. तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

मी इतकी वर्षं पेपर तपासले, पण कोणाच्या तोंडाकडे निकालासाठी इतकी पाहत कधी बसले नव्हते.

सोमाजींनी दोर पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, "खरं हाय." मग पोरीकडे पाहिलं. "पन सिंधू, बकारामले न पुसता त्याचं धान तू दिल्लीले नेशीन काय?"

सिंधूनं हातातल्या कागदाची घडी केली. मी बापाची परवानगी मागायला आले होते. ज्याचं नुकसान झालं त्यालाही विचारावं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सोमाजींनी पायात वहाणा घातल्या. "चला," म्हणाले. माय मागून म्हणाली, "अजी, आज कायले? बाई आलेल्या हायेत." ते म्हणाले, "बाई हायेत म्हूनच. एकटा तं मी इतकी वर्सं गेलो नाई."

बकाराम तलावाच्या पाळीवर दोनचार जणांबरोबर बसले होते. बुटके, गोल चेहऱ्याचे, गालात तंबाखू. दोघांचं बोलणं तुटलं नव्हतं, पण ते 'राम राम' पलीकडे जात नसे, असं सिंधूनं मला सांगितलं होतं. सोमाजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "पोरीनं काही लिवलं हाय. आयकून घे," एवढंच म्हणाले आणि बाजूला खाली बसले.

सिंधूनं पुन्हा वाचलं. घरच्यापेक्षा या वेळी आवाज बारीक होता. आजूबाजूचे लोक जवळ सरकले. तलावावर कपडे धुणाऱ्या बायका वर आल्या. वाचून झाल्यावर सगळे बकारामकडे बघू लागले. त्यांनी तंबाखू थुंकली, तोंड पुसलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "नहर फुटली नव्हती. मी त्याच दिवशी सारी नहर चालून पाहिलती."

"मंग बोलले काहून नाई, काका?" सिंधूनं विचारलं.

"चाबी कोनाजवळ होती? तुया बापाजवळ. त्याच्याशी भांडून पुढच्या सालचं पानी मी कोनाले मांगतो?" मग ते म्हणाले, "अन् एक दुरुस्ती कर. सारं धान नाई गेलं. खालच्या बांधीतलं आलतं. तू तं मले पुरा बुडवून टाकलं कागदावर."

कोणीतरी हसलं आणि ताण सैल झाला. सोमाजी खाली बघत म्हणाले, "चुकलो मी, बकाराम." बकाराम म्हणाले, "मालूम हाय न. आता बसला हायेस तं सरक थोडा, पोरीले बसू दे." माफी मागून झाली, देऊन झाली. शहरात याला बराच वेळ लागला असता.

त्यानंतर जे झालं त्याला मी तयार नव्हते. निबंध दिल्लीला जाणार म्हटल्यावर तो सगळ्या गावाचा झाला. एक जण म्हणाला, फाट्यापासून रस्ता नाही, ते टाक. दुसरा म्हणाला, रस्ता नको, विजेचं टाक. एका म्हाताऱ्यानं आग्रह धरला की तलाव खोदणाऱ्याचं नाव आधी यायला पाहिजे, आणि तो खोदणारा त्याचा पणजोबा होता. पोलीस पाटलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यात गावाची बदनामी तर नाही ना? मी सांगत होते की शब्दांची मर्यादा आहे, एवढं सगळं मावणार नाही. "मंग बारीक अक्षरात लिवा," असा तोडगा निघाला.

या गलक्यात मागून एक बाई बोलली. गिरजाबाई, एकटी राहणारी विधवा. धुण्याचं टोपलं कमरेवर तसंच होतं.

"सिंधू, बकारामची एका सालची पाळी गेली तं तू लिवलं. चांगलं केलं," ती म्हणाली. "मायी बांधी नहरच्या शेवटाले हाय. माया पाळीले दर सालीच पानी पुरत नाई. कोनी चोरत नाई, सारे आपापल्या पाळीनंच घेते. पन माया इथं येवस्तोर संपते. ते कायच्यात येते, न्यायात का अन्यायात?"

तक्रारीचा सूर नव्हता तिचा, ती खरोखर विचारत होती. कोणी म्हणालं, नहरच तशी आहे, त्याला कोण काय करणार. गिरजाबाई म्हणाली, "हाव, तेच मी बी इतके दिवस म्हनत आलो."

पुन्हा सूचना सुरू झाल्या तेव्हा सिंधू उठून उभी राहिली. वर्गात न बोलणारी माझी विद्यार्थिनी साऱ्या गावासमोर म्हणाली, "तुमी सारे सांगून राहिले, मी आयकून घेतलं. पन निबंध माया हाय. काय लिवाचं ते मी ठरवन." आणि मग, उद्धट वाटलं असेल म्हणून की काय, "राग नका मानू जी," असं जोडलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. फाटा मागे पडल्यावर म्हणाली, "बाई, मले सारा निबंध पुन्हा लिवा लागते."

"बाबांचं काढून टाकणार?"

"नाई. ते राहीन. पन मले वाटत होतं का बाबानं पाळी मोडली, म्हून अन्याय झाला. पाळी नाई मोडली तरी गिरजाबाईचं धान वाळतेच. मंग पाळी ठरवली कोनं, ते पाहा लागन."

तिनं तो निबंध पुन्हा लिहिला. सुरुवात बापाच्या पहाटेनं होती, मधे बकारामची खालची बांधी नीट आली होती आणि शेवट गिरजाबाईच्या प्रश्नावर होता. उत्तर तिनं दिलं नव्हतं. मी म्हटलं, शेवटी तुझं मत मागितलंय. ती म्हणाली, "मायं मत हेच हाय का मले अजून उत्तर मालूम नाई." मी फक्त क्रियापदांचे काळ दुरुस्त केले आणि पाकीट बंद केलं. इंग्रजी अगदी साधं होतं, छोटी छोटी वाक्यं. पण या वेळी वाटेत काही सांडलं नव्हतं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. केंद्र नागपूरला होतं, म्हणून सोमाजी स्वतः घेऊन गेले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात वड्यांचा डबा. मीही गेले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. आजूबाजूला नागपूरची मुलं इंग्रजीत फाडफाड बोलत होती. सोमाजींनी मला हळूच विचारलं, "बाई, यायच्या घरी बी बापानं काही केलंच असन न? मंग हे कायच्यावर लिवले असतीन?" मला हसू आवरेना. आमच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला म्हणून शिपायानं आमच्याकडे रागानं पाहिलं.

आत काय झालं ते सिंधूनं बाहेर आल्यावर सांगितलं. एका परीक्षकानं विचारलं होतं, हे वडिलांना माहीत आहे का? ती म्हणाली, हो, ते बाहेर बसले आहेत. दुसऱ्यानं विचारलं, आणि त्यांनी नको म्हटलं असतं तर? ती म्हणाली, "मग मी देश घडवणाऱ्या नेत्यावर लिहिलं असतं, सर." ते सगळे हसले, म्हणे. का हसले ते तिला कळलं नव्हतं. ती खरंच तेच करणार होती.

तिची निवड झाली. पत्र अड्याळला मामाच्या पत्त्यावर आलं. मामानं ते आधी माझ्याकडे आणलं आणि मी ते वर्गात वाचून दाखवलं. त्या दिवशी व्याकरण झालं नाही.

गावातही एक गोष्ट झाली. पुढच्या हंगामाआधी सोमाजींनी चाबी पंचायतीसमोर ठेवली आणि म्हणाले, आता दुसऱ्याला द्या. बकारामचं नाव निघालं, तर बकाराम म्हणाले, "मले नको. गिरजाबाईले द्या. तिची बांधी शेवटाले हाय, तिथवर पानी पोचल्याबिगर ते दार बंद करनार नाई." लोक हसले. पण दुसरं कोणाला काही सुचेना, म्हणून चाबी खरंच तिच्याकडे गेली. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वरच्या बांधीवाले कुरकुरले, गिरजाबाई फार वेळ दार उघडं ठेवते म्हणून तक्रारी झाल्या, मधे दोन हंगाम चाबी दुसरीकडे गेली आणि पुन्हा तिच्याकडे आली. पण नहरच्या शेवटालाही धान पिकू लागलं, हे मी पाहिलं आहे.

त्यानंतर मी बरेच अर्ज पाठवले. काही लागले, पुष्कळ लागले नाहीत. निबंध घरी वाचून दाखवायचा, ही अट मात्र मी कायम ठेवली. काही घरी त्यावरून रागवारागवी झाली, एका घरी मला चहासुद्धा मिळाला नाही.

सिंधू पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आली तेव्हा माझ्या ओसरीवर एक मुलगी नवा अर्ज घेऊन बसली होती. चार दिवस झाले, तिचं एकच पालुपद चाललं होतं. "बाई, आमच्या गावात काहीच होत नाई. मी कायच्यावर लिवू?" मी थकून गेले होते. सिंधूनं चपला काढल्या, तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि विचारलं, "तुमच्या घरी शेवटलं भांडन कायच्यावरून झालं?"

मुलगी लाजली. मग म्हणाली, "ते आमच्या म्हशीवरून झालं, ताई. पन ते काही सांगासारखं नाई."

"सांग तं खरं."

मी चहा करायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा मुलगी हातवारे करून बोलत होती आणि सिंधू पुढं वाकून ऐकत होती. मी कप दोघींच्या मधे ठेवले. त्यांच्याकडे दोघींचंही लक्ष गेलं नाही. मी आत जाऊन माझा चहा निवांत बसून प्यायले.